धार मरेना

२ एप्रिल
पोहोचलो एकदाचा! यावलच्या केळीबागा मागे राहिल्या, समोर पांझरेचं कोरडं पात्र, धुळ्याचं देवपूर तासाभरावर. काम झकास आहे. वाळूतल्या अकरा वठलेल्या बाभळी चेनवाल्या करवतीनं पाडायच्या, की हा हितेंद्र मोकळा. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरी येतो असा ऋतिकाला शब्द दिलाय, आणि बायकोला दिलेला शब्द म्हणजे चेष्टा नाही. जोडीला हिलाल आबा, उभा जन्म लाकूडतोडीत गेलेले. चहा फर्मास करतात.

३ एप्रिल
वठलेली बाभूळ म्हणजे निव्वळ लोखंड हो! त्यात सालीच्या भेगांत वाळू. टोकदार दातांची चेन सर्रकन कापते, पण दहा मिनिटांत बोथट. भुश्शाऐवजी पीठ पडायला लागतं. गोल दातांची पेट्रोलची अर्धी टाकी संपेपर्यंत टिकते. बोथट झाली की आबा लांब खडकावर जाऊन बसतात आणि निवांत कानस मारून धार लावतात. झाडापाशी उभं राहून लावायची नाही म्हणे. दिवसाला एक झाड! अशानं आखाजी अगदी तोंडावर यायची.

४ एप्रिल
एक झाड पाडून धुळ्याला गेलो, कार्बाइडच्या टोकांची चेन आणली. ही वाळूला दाद देत नाही, दिवसभर चालते. आबांचा चेहराच उतरला. म्हणाले, धार मरनी का माणूस वाचस. म्हणजे धार मेली की माणूस वाचतो. मी हसलो. नवं काही आलं की म्हाताऱ्यांच्या पोटात दुखतंच.

५ एप्रिल
चार झाडं! एकदाही थांबलो नाही. पाय घोट्यापर्यंत रुतले होते. वाळूच ती, रुतणारच.

७ एप्रिल
आणखी चार. पण डावा पाय निघेना. आबांनी ओढलं, पाय आला, बूट आतच. खणून पाहिलं. वीतभर खाली खडक, बूट नाही. मग गेला कुठं?
आबांनी तेव्हा सांगितलं, झाड मरेल शे, वाळू मरेल नही. झाड मेलंय, वाळू मेलेली नाही. एका जागी फार वेळ उभा राहील त्याला ती धरते. चेन बोथट होते म्हणून माणूस तिथून हलतो. त्यांचा सख्खा भाऊ असाच गेला.
घाबरलो, खोटं कशाला लिहू. पण एकच झाड उरलंय.

८ एप्रिल, दुपार
पडलं शेवटचं. डावा पाय पोटरीपर्यंत आत — निघत नाही. आबा दोर आणायला पळाले.

अडीच वाजता
गुडघा गेला. खाली खडक होता ना? ऋतिकाचा फोन वाजतोय, पण तो पलीकडे पिशवीत, हात पोचत नाही. काय सांगू तिला —

पावणेतीन
आबा नाहीत अजून. मांडी वर आहे. टाकीत पेट्रोल आहे. चेनला धार आहे, चांगली धार —
कमरेचा पट्टा मांडीला आवळून बांधला. एक पाय गेला तरी जाईन घरी. उजवा मोकळा आहे. करवतीची दोरी ओढतो —
उजवा पाय का हलत ना—