निळं पाणी

दुधनी, १४ एप्रिल २०२४

चि. कल्पेश यास आजीचे आशीर्वाद, थोडे हातचे राखून.

अक्षर तुझ्या आतेबहिणीचं, तेजस्विनीचं, राग माझा. पोरगी मधेच गोड शब्द घालते, म्हणून ओळ न् ओळ परत वाचून घेते आहे. फोन करणार नाही. फोनवर तू हो आजी, हो आजी म्हणतोस आणि लाज वाटायच्या वेळी बरोबर तुझं नेटवर्क जातं.

नरोलीत सांगत फिरतोस म्हणे, आजीला आत्याची आठवण आली, म्हणून दुधनीला गेली. डोंबलाची आठवण! गेल्या रविवारी सगळी चाळ बाजाराला गेली, मी घरात होते, आणि तू अंगणातल्या नळाला पाइप लावून नवं मशीन सुरू केलंस. आत तुझे डाइंग खात्यातले, कापड रंगवताना घालायचे कपडे. कंपनीत पाणी नितळ येईस्तोवर कापड खळबळतात, म्हणून घरीही तेच. निळं आलं की परत पाणी. अरे, कपडा फाटला तरी तो रंग यायचा थांबणार नाही! संपली ती चाळीची टाकी. वर गटारातलं निळं झाकायला माझी भांडी घासायची राख ओतलीस, गावाहून आणलेली.

मग शेजारची सरिता कोरडी कळशी घेऊन विचारत आली, तर बायकोचं नाव पुढे केलंस, म्हणालास, कावेरीने भांडी घासून नळ उघडाच टाकला.

टँकरच्या गावची पोर ती. तांदळाच्या धुवणात भांड्यांचा पहिला हात उरकते, खळबळल्या पाण्यात पुढचं धुणं भिजवते. तिने फक्त तुझ्याकडे पाहिलं. आता चाळीने तिला रोज रांगेत शेवटी उभं केलं आहे. तोवर नळाच्या धारेची करंगळी झालेली असते. मी बोलले असते, तर म्हणाले असते, म्हातारी नातसुनेला झाकते. हे तुझ्याच तोंडून निघायला हवं. तोवर मी इथेच.

चिमाबाई

नरोली, २० एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू उगाच वाढवतेस. खरं सांगितलं तर मशीन ठेवू देणार नाहीत. माझी शिफ्ट बघ, ओव्हरटाइम बघ. हाताने कधी धुऊ? आता मशीनचं पाणी पिंपात धरतो, त्यात फडकी, पायपुसणी, ओटा सगळं निघतं. कावेरी तर काहीच म्हणत नाही. पाऊस पडला की लोकही विसरतील. ये ना परत. तुझ्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. लोभ आहे, रागाखालून का होईना, तो असू दे.

तुझा कल्पेश

दुधनी, २६ एप्रिल

चि. कल्पेश, आशीर्वाद पुढच्या पत्री.

पाणी पिंपात धरलंस, शाबास. बायकोचं नाव कशात धरशील? इथे समोर धरण दिसतं, तरी तुझी आत्या डोक्यावर हंडा घेऊन चढ चढते. थेंब सांडला तर तिच्या मानेला कळतं. तुझी मान मात्र मशीन आल्यापासून मोकळी.

नळावर बाईचं नाव निघालं की ते पावसाने धुतलं जात नाही, बाबा. तुझ्या कपड्यांसारखं दर धुण्याला थोडं थोडं निघतच राहतं. आणि ती काही म्हणत नाही, हे तू मला आनंदाने कळवतोस?

चिमाबाई

नरोली, ३ मे

ती. आजींच्या चरणी कावेरीचा नमस्कार.

तुमचं पत्र यांनी मला दाखवलं नाही, पण वाचून जेवले नाहीत. काल सकाळी भरल्या रांगेपुढे हातात निळा युनिफॉर्म घेऊन उभे राहिले. टाकी मी संपवली, हिने नाही, असं म्हणाले. सरिताताईंनी ऐकू आलं नाही म्हणून परत म्हणायला लावलं. आलं होतं, आजी. मग सगळे खूप बोलले, यांनी खाली मान घालून ऐकलं. मशीनला पाइप लावायची बंदी झाली. आता रांगेत शेवटी हे असतात.

मी अजून यांच्याशी बोलत नाही. चुकतं आहे का, ते कळवा.

तुमची कावेरी

दुधनी, ९ मे

चि. सौ. कावेरीस आशीर्वाद, सगळे, काही हातचं न राखता.

चुकत नाही. तुला वाटेल तेव्हा बोल, आधी तुझ्या मनात काय आहे ते त्याला विचारू दे. रविवारी मला न्यायला पाठव. त्याचे कपडे त्यालाच धुऊ दे, हाताने, एका बादलीत, चाळ घरी असताना. पाणी निळं राहिलं तर राहू दे. गटारात जाताना सगळ्यांना दिसू दे.

लोभ आहे, तो सांडू नकोस.

आजी