पंपाने उपास मोडत नाही

वॉटरफोर्ड,
सोमवार, फेब्रुवारी २०२१

प्रिय रोहिणी,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल पोचलं. थालिपिठाची भाजणी एक किलो, मेतकूट पाव किलो, वरीचे तांदूळ अर्धा किलो, अष्टगंधाची डबी आणि तू वळलेल्या वाती. माल सगळा मिळून पाचशेचा, आणि टपालखर्च दोन हजार एकशे चाळीस! एरवी मी तुला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण वातींच्या खाली तुझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला तुझा दम्याचा पंप निघाला. ते प्लास्टिकचं यंत्र, आणि पावडरीच्या कॅप्सुलांची बाटली, सीलसुद्धा न फोडलेली. सोबत तुझी चिठ्ठी: ‘ताई, मला आता हे लागत नाही. नातीला खोकला असतो म्हणालीस, चैत्रालीला उपयोगी पडेल. उपासाने मी बरी आहे.’ मी होते तिथेच खाली बसले. सूनबाई केतकी धावत आली, म्हणाली, आई, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, आहे गं, पण ज्या बाईची आहे तिला ती चांगली वाटतेय.

लगेच तुला फोन लावला. तू उचलत नाहीस. मग तुझ्या खालच्या औषधाच्या दुकानात सुभाषला लावला. तो म्हणाला, काकूंनी मौन धरलंय, पाटीवर लिहून देतात. सोमवारी निर्जळी करायच्या, आता गुरुवारीही करतात. पंपाचं औषध दिवाळीनंतर नेलं नाही. परवा पाण्याची कळशी घेऊन चढताना जिन्यात बसल्या, ओठ निळसर दिसले, डॉक्टरांना बोलावतो म्हटलं तर पाटीवर लिहिलं, ‘ही शुद्धी आहे.’ रोहिणी, कसली गं शुद्धी? ओठ निळे पडायला कुठल्या पोथीत शुद्धी म्हटलंय? सुभाषने फोन तुझ्या कानाशी धरला तर तू दोन्ही कानांवर हात ठेवलेस. माझ्या ज्ञानेशने मोबाइलवर माझा निरोप लिहून पाठवला, तर पाटीवर उत्तर आलं, ‘हे ज्ञानेशचं आहे. ताईचं अक्षर दाखव.’ म्हणून हे अक्षर. याचा फोटो ज्ञानेश आत्ताच सुभाषला पाठवेल, तो छापून तुझ्या हातात देईल. खरा कागद मागून येईल. अक्षर माझंच आहे, ओळख.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते ऐक. कार्तिकी एकादशीची गोष्ट. इथे घराघरांत छताला धुराची घंटा असते. मी जिरं-मिरचीची फोडणी दिली की ती किंचाळते, आणि चैत्राली टॉवेल हलवत येते, ‘इट्स ग्रँड, इट्स ओन्ली आजीज फोडणी!’ काही बिघडलं नाही म्हणायचं तर इथे ‘ग्रँड’ म्हणतात. त्या दिवशी खिचडी करताना ती वाजली आणि केतकीला आठवण झाली. ती इथल्या औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत असते, तिने कुठेसं वाचलं होतं. म्हणाली, आई, दम्यात श्वासाच्या नळ्यांना सूज येते, म्हणजे शरीरातली अशीच एक घंटा उगाच वाजत राहते. सौम्य दम्याच्या थोड्या लोकांना एक दिवस उपाशी ठेवून त्यांचं रक्त तपासलं, तर ती घंटा जरा हळू झालेली दिसली. मी म्हटलं, मग मी तर पंधरा दिवसांनी करतेच की! त्यावर ज्ञानेश हसायला लागला. एकादशी अन् दुप्पट खाशी, म्हणाला, तुझी ताटली बघून उपाशी कोण आहे ते विचारावं लागेल. केतकी म्हणाली, त्यांच्या उपासात फक्त पाणी.

दुसऱ्या दिवशी तुला फोनवर मी हे सांगितलं ना, ते हसत सांगितलं. आपल्या व्रतांना आता शास्त्रातही मान मिळाला म्हणून फुगले होते. आणि तुला म्हटलं, आपला उपास खोटा गं, दम्याला चालतो तो निर्जळी. केतकीने ‘फक्त पाणी’ म्हटलं होतं, माझ्या तोंडून ‘निर्जळी’ गेलं. आपल्याकडे कडक उपास म्हटलं की हाच शब्द येतो, मी विचारही केला नाही. तू मात्र केलास. पंप घेतला की चूळ भरायची, हे डॉक्टरांनी तुला बजावलेलं. चूळ भरली की पाणी तोंडात गेलं, निर्जळी मोडली. म्हणून आधी उपासाच्या दिवशी पंप बंद, आणि मग रोजचाच बंद. बरोबर ना? तुझं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे.

काल मी केतकीला समोर बसवून सगळं पुन्हा विचारलं. ती वैतागली नाही, पण तिचा चेहरा उतरला. म्हणाली, आई, ती माणसं मोजकी होती, दमा सौम्य होता, आणि उपास एका दिवसाचा, तोही डॉक्टरांच्या नजरेखाली. औषधाच्या ऐवजी उपास, असं त्यात कुठेच नव्हतं. जे दिसलं ते रक्तात दिसलं, श्वास सुधारला असं त्यावरून म्हणता येत नाही. मावशींचा दमा सौम्य नाही. पंप बंद केल्यावर सुरुवातीला काही दिवस बरं वाटतं, कारण आधीच्या औषधाचा असर उरलेला असतो. तेच त्यांना उपासाचं फळ वाटलं असेल. आणि मग ती म्हणाली ते माझ्या मनातून जात नाही: घंटा काढून ठेवली तरी आग लागायची राहत नाही, आई.

तुझा हट्ट मला नवीन नाही. माझ्या लग्नात होमाच्या धुराने तुला धाप लागली, आईने तुला ओढून बाहेर न्यायचा प्रयत्न केला, तर खांबाला धरून बसलीस. ताईची सात पावलं झाल्याशिवाय हलणार नाही म्हणालीस. पदर नाकाशी धरून, डोळ्यांतून पाणी गाळत. सातवं पाऊल टाकून मी वळून पाहिलं तर तू हसत होतीस, आणि तुझ्या छातीची शिट्टी मला सनईच्या वर ऐकू येत होती. त्या दिवशी सगळे म्हणाले, काय बहिणीची माया! मलाही अभिमान वाटला. आज वाटतं, तेव्हाच तुला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या.

इथे माझं काय चाललंय म्हणशील, तर तीन महिन्यांसाठी आले होते त्याला वर्ष होत आलं. दोनदा तिकीट काढलं, दोन्ही वेळा विमान रद्द. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मुभा नाही. नदीवरून धुकं येतं ते दुपारपर्यंत बसून राहतं. देव मी स्वयंपाकघरातल्या कपाटात बसवलेत, इथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. चैत्राली विचारते, आजी, इज गणपती स्टिल इन द प्रेस? मी म्हणते, हो बाई, त्यालाही लॉकडाउन. हसते, आणि मग त्याच्याकडे पाहून मला रडू येतं. कारण काल फोन ठेवताना सुभाष जे बोलला ते मी अजून लिहिलेलं नाही.

मी विचारलं, कशासाठी करतेय एवढं? दम्यासाठी? तो म्हणाला, दम्याला बरं हे काकू वरवर म्हणतात. पाटीवर त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, ‘ताई सुखरूप घरी येईपर्यंत.’ रोहिणी, माझ्यासाठी तू श्वास सोडते आहेस आणि मी इथे गरम भाकरी खातेय. अगं, मी परत यायचं ते कुणाकडे? आपले अण्णा आईला सांगायचे ते आठव: औषधाने व्रत मोडत नाही, आणि आजारी माणसाचं व्रत घरच्या माणसाने पुढे चालवलं तर ते भंगत नाही. आज सकाळी अंघोळ करून मी कपाटासमोर उभी राहिले, उजव्या हातात पाणी घेतलं, तुझं नाव, तुझं गोत्र उच्चारलं आणि तुझं उरलेलं व्रत माझ्यावर घेतलं. पाणी सोडलं. आता ते माझं आहे. आज सोमवार, आजही तू उपाशी राहिलीस तर ते व्रत नव्हे, नुसता हट्ट. मौन तेवढं माझ्याच्याने होणार नाही हे आपली सगळी वाई जाणते, म्हणून ते सुटलं असं समज आणि बोलायला लाग. सुभाषने नवा पंप काढून ठेवलाय, डॉक्टरांशी बोललाय, ते आजच घरी येतील. दार उघड. पंप घे, चूळ भर, पाणी पी, मग वरीचा नको, साधा भात खा. मी हात जोडते गं, थोरली असून हात जोडते. आणि तुझ्या हाताने एकच ओळ लिही, पंप घेतला म्हणून. फोटो सुभाष आजच पाठवेल, पण तो कागदही मला हवा. उलट टपाली धाड, टपालाला कितीही लागू दे.

तुझीच,
ताई