पावणेतीनपर्यंतची बाई

आई,

तू हसशील, पण सांगते. या उन्हाळ्यात मी लखनौभर एक माणूस शोधत फिरले. पूर्ण वेळेचा नाही, आठवड्यातून तीन दिवस येणारा, आणि येतो म्हटल्यावर खरोखर येणारा. तू गेलीस तेव्हा मी विमा कंपनीत फायली सरकवत होते. आता मी झाडांची डागडुजी करते. गोमती नगरच्या बंगल्यांत, सोसायट्यांत जाऊन वाळलेल्या, लोंबणाऱ्या फांद्या उतरवायच्या, कीड लागलेली खोडं साफ करायची. चढते मीच. वय अठ्ठेचाळीस, कमरेला पट्टा, डोक्यावर हेल्मेट, आणि खाली जमलेल्या आंटी एकमेकींना विचारतात, "इनके भाईसाहब कहाँ हैं?" भाईसाहब बँकेत आहेत आणि त्यांना यातलं काही एक पसंत नाही.

चढण्याचं काही नाही गं, अडतं ते खाली. मोठी फांदी कापली की ती धाडकन पडू द्यायची नसते. दोराला बांधून हळूहळू सोडायची असते, आणि तो दोर खाली कुणाच्यातरी हातात असतो. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये गेलं की फांदी कुणाच्या गाडीवर, नाहीतर फिरून माझ्याच अंगावर. जूनमध्ये एकदा ती माझ्या खांद्याला घासून गेली. ह्यांनी खांदा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "भरवशाचा माणूस मिळेपर्यंत झाडावर पाय ठेवायचा नाही. दिवाळीपर्यंत नाही मिळाला तर हा उद्योग बंद." ते ओरडले असते तर मी भांडले असते. शांतपणे म्हणाले, म्हणून घाबरले. लेक म्हणाली, "मम्मा, ऑनलाइन ऐड डाल दो ना." टाकली. चौदा फोन आले. त्यातल्या नऊ जणांनी आधी विचारलं, काम बसून आहे ना?

आणि आई, माझा शहाणपणा ऐक. त्याआधी हिवाळ्यात मी मलिहाबादच्या आंब्याच्या बागांतली तीन माणसं ठरवली होती. झाडावर वाढलेली माणसं, हात कसे चालतात म्हणून सांगू! मी खूश, हे खूश. मग मे संपला, आंधी आली, अर्ध्या शहराच्या फांद्या मोडल्या, माझा फोन वाजायचा थांबेना, आणि तिघेही गायब. दशहरी आंबा उतरायला लागला होता. मी गाडी काढून मलिहाबादला गेले. त्यांच्यातला मोठा झाडाच्या शेंड्यावरूनच ओरडला, "मैडम, इन दिनों में तो हम अपने निकाह में भी न जाएँ!" वर पेटीभर आंबे दिले. जन्मभर आंब्याच्या रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईची मी मुलगी, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये! दर जूनला तू मातीने भरलेले हात घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, "आजही कुणी नाही. या दिवसांत मलिहाबादचा माणूस देवाने दिला तरी घेऊ नये." आंबे मात्र आम्ही चार दिवसांत संपवले.

मग एका सोसायटीत कडुनिंबाची मोडकी फांदी उतरवायची होती. घरी न सांगता गेले. दोर धरायला तिथला गार्ड घेतला. त्याला दोनदा बजावलं की दोराचे खोडाला दोन वेढे घे, मग सोड. त्याला वाटलं, आपल्या दंडात काय कमी आहे! वेढे काढून नुसत्या हातांनी दोर धरला. फांदीने त्याला दोन पावलं ओढत नेलं, त्याचे तळवे सोलवटले आणि सेक्रेटरीच्या सहा कुंड्या फुटल्या. त्या गोंधळात मागून कुणीतरी खदखदून हसलं. स्कूटीला दुधाचे कॅन लटकवलेली एक बाई, असेल पन्नाशीची. म्हणाली, "अरे भैया, भैंस को कोई हाथ से रोकता है? दो फेरा पेड़ में दो, फिर वो चाहे जितना ज़ोर लगाए." मी झाडावरूनच विचारलं, "दीदी, काम करेंगी?" तिने वर बघून थोडा विचार केला. शहराबाहेर बख्शी का तालाबकडे तिच्या तीन म्हशी. सकाळचं दूध घालून झालं की नऊ वाजता मोकळी. "पौने तीन तक. उसके बाद भैंस का टाइम है. उसमें हेर-फेर नहीं होगा."

आई, पहिल्या दिवसापासून तिच्या हातात दोर असला की मी खाली बघणंच सोडून दिलं. ह्यांना मुद्दाम बघायला आणलं. अर्धा तास उभे राहिले, तिने दिलेला चहा प्यायले आणि काही न बोलता बँकेत गेले. म्हणजे पसंत.

पण मी तुझीच मुलगी ना, भांडणाशिवाय कसं चालेल? एका बंगल्यातल्या जुन्या शिरीषाची शेवटची जाड फांदी उरली होती. अडीच वाजलेले. मालक दुसऱ्या दिवशी गावाला जाणार म्हणून घाई करत होता. मी करवत लावली, तर खालून आवाज, "आज मत काटिए. उतरिए." मी म्हटलं, दहा मिनिटं. "दस मिनट में ये डाल नहीं उतरेगी, आप भी जानती हैं. अधकटी छोड़ के हम जाएँगे नहीं, और भैंस रुकेगी नहीं." मी भडकले. मालकासमोर, सगळ्यांसमोर ओरडले, "पार्ट टाइम का ये मतलब नहीं कि काम भी आधा हो!" ती दोर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "टाइम आधा है मैडम. काम तो हम पूरा करते हैं." आणि पावणेतीनला गेली.

मी त्या फांदीवर तशीच बसून राहिले. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, मराठीत. तू साडेबाराला हात धुऊन रोपवाटिकेतून निघतेस, कारण एक वाजता मी शाळेतून येणार. आणि तुझे साहेब कलमांच्या रांगेपलीकडून म्हणतात, "मैडम तो घड़ी देख के पौधा बाँधती हैं." घरी येऊन तू भाकरी थापता थापता बाबांना सांगतेस, "माझी वेळ अर्धी आहे, माझं कलम अर्धं नाही. मोजा म्हणावं, माझी किती जगतात." तुला कायम कधीच केलं नाही त्यांनी. दुपारी थांबली असतीस तर केलं असतं.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊलाच पोहोचले. ती आधीच येऊन फाटकाशी उभी होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "चलिए, धूप चढ़ जाएगी." ती फांदी आतून पोकळ निघाली. उतरवायला दीड तास लागला.

पत्र कुणाला धाडायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. सातवीत शाळेने फॉर्म दिला होता. त्यात आईचा व्यवसाय विचारला होता. वर्गात कुणाची आई टीचर, कुणाची बँकेत. अर्ध्या दिवसाची, मातीतली नोकरी लिहायची मला लाज वाटली. मी 'गृहिणी' लिहिलं आणि सहीसाठी तुझ्यापुढे धरलं. तू वाचलंस. मला दिसलं, तू ते दोनदा वाचलंस. मग पेन मागितलंस आणि सही केलीस.