सरांचा दात

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस की अजून मिजास दाखवतेस? आमचं ठीक चाललंय. लोकांचे दात किडतायत, त्यामुळे दवाखान्याला मरण नाही.

बातमी अशी की तुझी भावजय वाद्य शिकतेय. दिवसभर ऑफिसात वाकून जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढते, आणि गेल्या महिन्यात एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "मला काहीतरी वाजवायला शिकायचंय." 'या वयात?' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, पण गिळले. पियानोला घरात जागा नाही. व्हायोलिन म्हटलं तर शेजारी घर सोडतील, ढोल म्हटलं तर मी. शेवटी मी म्हणालो, "आ कर."

हसू नकोस. टॉर्च घेऊन नीट पाहिलं. वरचे पुढचे दात सरळ, खालचे एका रेषेत, खालचा ओठ चांगला भरलेला. मी निदान केलं, क्लॅरिनेट! त्याचं तोंड वरच्या दातांना टेकवायचं असतं आणि खालचा ओठ दातांवर दुमडून खालून आधार द्यायचा असतो. कुठल्या दातावर किती भार येतो यावर मी तिला अर्धा तास व्याख्यान दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, आणि असं कौतुकाने पाहिलं की मी दवाखान्यात शीळ घालत गेलो. तेव्हा लक्षात ठेव, ताई, हे वाद्य मी निवडलंय.

वर्ग दर गुरुवारी, वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर. शिकवणाऱ्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. मी आपला डोळ्यांसमोर कुरळ्या केसांचा कुणीतरी आणला होता. एकदा तिला न्यायला गेलो तर समोर टक्कल, ढेरी, स्वेटरचं मधलं बटण गायब, आणि पुढच्या दातावर पिवळट पडलेली जुनी कॅप. अगदी हायसं वाटलं. तेवढ्यात ते तिला काहीतरी म्हणाले आणि ती हसली. मागची दाढ दिसेपर्यंत हसली! ती दाढ मी शेवटची कधी पाहिली होती ते आठवेना, आणि तिच्यातलं सिमेंट मीच भरलंय.

आता घरात रोज 'सर म्हणतात' सुरू असतं. सर म्हणतात श्वास पोटातून घ्यायचा. सर म्हणतात घाई करायची नाही. घाई करू नकोस हे मी तिला लग्नापासून सांगतोय, पण मी काही सर नाही. असो. ती खूश आहे, म्हणून मीही खूश आहे.

तुझा, अत्यंत आनंदात असलेला,
धाकटा


१९ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. पावणेदोन पानं गुडघा, आणि शेवटी कोपऱ्यात एक ओळ, "जळतोस का रे?" गुडघ्याला शेक दे आणि भलत्या शंका काढू नकोस. स्वतःचा दवाखाना असलेला माणूस बटण तुटलेल्या माणसावर जळेल कशाला?

उलट मीही वाद्य शिकायचं ठरवलंय. निव्वळ आवड म्हणून. लहानपणी मी बादली किती छान वाजवायचो ते तुला आठवत असेल. आई आठवण काढायची त्याची, जरा वेगळ्या शब्दांत.

क्लॅरिनेट मला जमणार नाही. बाबांची कृपा. खालचा जबडा असा पुढे आलाय की वरचे दात त्याच्या मागे लपतात. गावाचे जबडे तपासणाऱ्याने स्वतःचा आरशात बघून सुस्कारा सोडायचा, दुसरं काय? म्हणून दुसरं काही बघायला दुकानात गेलो. गुरुवारीच गेलो, कारण गुरुवार मला सोयीचा पडतो.

दुकानाची मालकीण किडकिडीत आहे, गळ्यात दोरी लावलेला चष्मा. ट्रम्पेट दिलं, त्यातून फक्त थुंकी आली. बासरीत फुंकर मारली तर गरगरलं, म्हणून मागच्या स्टुलावर टेकलो, तर ते पियानोचं निघालं, गोल फिरणारं. व्हायोलिन मात्र मानेखाली झकास बसलं, कारण रुग्णांवर वाकून वाकून मान तशीच डावीकडे कलली आहे. मालकीणबाई म्हणाल्या, "अगदी जन्मजात!" मग मी गज ओढला. दुकानातलं एकुलतं एक गिऱ्हाईक निघून गेलं.

शेवटी त्यांनी मला खुर्चीवर बसवून गुडघ्यांत चेलो दिला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, जाडा भाऊ. ताई, पहिल्याच ओढीला असा जाड, घोगरा सूर निघाला की बरगड्यांत जाणवला. मी दचकून परत ओढला. परत निघाला. आणि नेमकं तेव्हाच वरून हसू आलं. मागच्या दाढेचं. मी वर पाहिलं आणि गज घसरला.

"तुम्ही वाद्य बघायला आलात की छत?" मालकीणबाई म्हणाल्या.

"आवाज कसा घुमतो ते बघतोय."

"छताचा?"

हात हलवत परत आलो.

आणखी एक लिहिणार नव्हतो, पण लिहितो. परवा ही म्हणाली, खालचा ओठ दुखतोय. टॉर्च आणला, ओठ खाली ओढला. आतल्या बाजूला तिच्याच दातांची खूण उमटली होती, एका ओळीत. मी म्हटलं, मलम देतो. म्हणाली, "नको. सर म्हणतात, ही खूण पडली की माणूस वादक झाला."

ताई, दातांची खूण हे माझं क्षेत्र आहे. माझ्या बायकोच्या ओठाच्या आत काय उमटलंय याचा आनंद माडीवरच्या माणसाने का करावा? मी टॉर्च बंद केला आणि जेवलो. काय जेवलो ते विचारू नकोस.

तुझा, मुळीच न जळणारा,
धाकटा


२ मे

प्रिय ताई,

आज गुडघ्याचं शेवटी विचारेन. रागावू नकोस, आधी हे सांगून टाकू दे, नाहीतर माझ्याच्याने राहवणार नाही.

वर्गाचा कार्यक्रम तोंडावर आला होता. विद्यार्थी थोडं थोडं वाजवणार आणि शेवटी सर एकटे. त्याच आठवड्यात सरांनी जर्दाळूची बी चावली आणि ती पुढची कॅप फुटली. आमच्या भागात दुसरे दंतवैद्य नाहीत असं नाही, पण ही त्यांना घेऊन आली ती थेट माझ्याकडे. सरांच्या रुमालात कॅपचा तुकडा. हिच्या मांडीवर सरांच्या क्लॅरिनेटची पेटी, तान्हं मूल धरावं तशी. दाताच्या दवाखान्यात वाद्य कशाला, असं मनात आलं. आतल्या आत दात-ओठ खाल्ले.

मी तुकडा पाहिला. वर्षानुवर्षं वाद्य टेकून टेकून त्याची कड झिजली होती, एका बाजूला तिरकी. म्हणजे नवी कॅपही तशीच आखूड आणि तिरकी हवी. सरळ, पूर्ण लांबीची बसवली तर वाद्य तोंडात डुगडुगणार आणि सूर फुटणार. हे कळायला संगीत यावं लागत नाही. यावर अर्धा तास व्याख्यान देणारा माणूस मीच.

आणि मी कॅप सरळ करून घेतली.

सुंदर झाली होती, ताई. शेजारच्या दाताला जुळणारा रंग, चमक, कड, सगळं पुस्तकातल्या चित्रासारखं. जगातल्या कुठल्याही दंतवैद्याला तिच्यात खोट काढता आली नसती. उद्या सरांना वाजवता आलं नसतं तर मी हळहळून म्हणालो असतो, "वय झालं हो." कुणाला काही कळलं नसतं.

दोन दिवसांनी दोघं परत आली, पुन्हा पेटीसकट. ही बाहेर बाकावर बसली. मी कॅप नुसती लावून सरांच्या हातात आरसा दिला. "अहो डॉक्टर, मी तर देखणा झालो!" म्हणाले, आणि लहान मुलासारखे इकडून तिकडून बघत राहिले. मी कॅप चिकटवायचं सिमेंट कालवायला घेतलं. कापूस ठेवण्यासाठी त्यांचा खालचा ओठ ओढला, तर आत तीच खूण. हिच्यासारखीच, फक्त जुनी आणि खोल.

हात थांबला. चांगुलपणाने थांबला असं समजू नकोस. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की यांना वाजवता आलं नाही तर ही 'बिचारे सर, बिचारे सर' करत त्यांच्या मागेपुढे करणार, आणि साध्या सरांपेक्षा बिचारे सर मला फार भारी पडतील. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे हातच वळेना. आजवर ज्याच्या त्याच्या तोंडात मी मन लावून काम केलं, मग तो आवडता असो की नावडता. हे एवढं एक खोटं काम करायला हात तयार होईना.

मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "ती पेटी दे." तिने लगेच दिली.

सरांना खुर्चीतच वाजवायला लावलं. दारात शेपूट चेंगरलेल्या मांजरासारखा आवाज आला. सर पांढरेफटक पडले. "डॉक्टर, गेलं माझं सगळं."

"वाजवत राहा," मी म्हटलं. चावा तपासायचा निळा कागद दात आणि वाद्याच्या मध्ये धरला, जिथे डाग पडला तिथे घासलं. पुन्हा वाजवा. पुन्हा घासलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम मी माझ्याच हाताने तिरकं करत होतो. आणि मग एकदम तो सूर आला, गोल, भरलेला, कुठेही चरा नसलेला. सरांच्या आधी मीच ओरडलो, "हाच!"

सर वाद्य खाली घेऊन म्हणाले, "डॉक्टर, तुम्हाला कान आहे." मग पुन्हा वाजवायला लागले, थांबेचनात.

मी मागे वळलो तर ही दारात उभी. सरांकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही. डोळे मिटले होते, आणि तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ताई, मला सगळ्यात जास्त तेव्हा झोंबलं. माणूस असला तर त्याच्या ढेरीला, स्वेटरला नावं ठेवता येतात. त्या सुराला काय नावं ठेवू? आणि तो आत्ताच मी माझ्या हाताने दुरुस्त करून दिला होता.

त्या दिवशी घरी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मला भीती वाटत होती, तू तो दात सुंदर करशील."

खोटं बोलणार होतो. म्हणालो, "केला होता."

"माहीत आहे. त्यांनी आरसा घेतला तेव्हा मी दारातून पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी पेटी घेऊन बसले होते ना. तू मागशील म्हणून."

"आणि नसती मागितली तर?"

तिने पुसलेली ताटली पुन्हा पुसायला घेतली. म्हणाली, "ते मला ठरवता येत नव्हतं."

ताई, तिने ती पेटी तान्ह्या मुलासारखी धरलीय म्हणून मी जळत होतो, आणि ती माझीच वाट बघत होती.

कार्यक्रम छान झाला. हिचे दोन सूर चुकले, पण माझं लक्ष नव्हतं असं मी सांगितलं. सर शेवटी वाजवायला उभे राहिले तेव्हा तिने पुन्हा डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत बसलो.

चेलो घेतला. ही म्हणाली, "गुरुवारी ये ना, सरांना विचारते, एक खुर्ची रिकामी आहे." मी नाही म्हटलं. मंगळवारचा वर्ग लावलाय. तिथल्या शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या आहेत, कडक आहेत, आणि अजून एकदाही हसलेल्या नाहीत. गुरुवार तिचा तिलाच राहू दे. मी त्या दिवशी घरी माझे तीन सूर घासत बसतो, आणि जिन्यात तिची पावलं वाजली की चौथा आपोआप चुकतो.

तू एका ओळीत विचारलं होतंस, मी अख्खं पत्रभर नाही म्हणालो. गुडघा कसा आहे?

तुझा, मंगळवारी शिकणारा आणि गुरुवारी जळणारा,
धाकटा