कोऱ्या पडद्याचा हट्ट

ता. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मेलला तू उत्तरच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझ्या चष्म्याच्या दुकानात संगणक लावून दिला, त्यावर माझ्या हातचा डेस्कटॉप, म्हणजे चालू करताच समोर येतो तो पडदा, बसवला, तरी तू आपली पाकिटं चिकटवत बसतेस. जित्याची खोड, दुसरं काय!

इथे माझं डोकं फिरायची वेळ आलीय. आमची मंडळी संगणकाची जी मुक्त प्रणाली बनवतात (कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, बदलावी), तिच्यावरून रण पेटलंय. नवख्या माणसाने संगणक चालू केला की समोर आपोआप कुठला डेस्कटॉप यावा? माझा तू बघितला आहेस. स्वच्छ कोरा पडदा. एक कळ दाबायची, हवं त्याचं नाव टाइप करायचं, झालं काम. दुसऱ्यात खाली लांबलचक पट्टी, कोपऱ्यात मेनूचं बटण. नुसतं ध्यान!

आणि त्या ध्यानाची वकिली कोण करतं? ती! आमची सूचनापुस्तिका लिहिणारी. जिच्यासाठी मी... जाऊ दे, तुला ठाऊक आहे. सगळ्यांदेखत म्हणाली, की माझं घर देखणं आहे पण नवख्याला दारच सापडायचं नाही. मी म्हटलं, नवख्याने जरा डोकं चालवावं. तर हसली. मावशी, चक्क हसली!

महिनाअखेरीस मतदान आहे. माझा डेस्कटॉप पडला तर मीही तिथे राहणार नाही. लिहून ठेव.

रागावलो असलो तरी तुझाच,
तडतड्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कागद अजून गरम होता.

मी बरी आहे. दुकान चाललंय. चष्मे तयार झाले की गिऱ्हाइकांना कळवायच्या चिठ्ठ्या हाताने लिहिते, आणि शेजारचा चावीवाला संध्याकाळी घरी जाताना ज्याच्या त्याच्या दारात टाकतो. परवा एकीची चिठ्ठी दुसरीकडे गेली, ती बाई तणतणत आली. चालायचंच. संगणक छान आहे. रोज पुसते.

तुझ्या आईला यातलं काही कळवलेलं नाही. कॉलेज सोडलंस तेव्हाही सरांचंच चुकलं होतं. आता हेही सोडलंस तर पुढे कुठे जाऊन भांडणार आहेस, राजा? दरवेळी ताटावरून उठायचं आणि मग उपाशी राहिलो म्हणून रडायचं, ही कुठली रीत?

आणि एक विचारते, चिडू नकोस. ती नाही म्हणाली ते डेस्कटॉपला, की तुला? दोन्ही एकच धरून बसलास तर कठीण आहे बाबा.

जेवत जा वेळेवर.

तुझी काळजी वाहणारी,
मावशी

ता. १७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू माझा घात केलास!

तुझं पत्र मी बैठकीला घेऊन गेलो. 'संगणक छान आहे' एवढं वाक्य दाखवलं आणि म्हटलं, हा घ्या पुरावा, माझी मावशी नवखी आहे आणि तिची काडीची तक्रार नाही. सूचनापुस्तिकावालीने पत्र मागितलं; मी घडी घालून तेवढाच परिच्छेद पुढे केला, तो तिने अख्खा वाचला. मग हळूच विचारलं, की मग या चिठ्ठ्या हाताने का लिहितात?

मी दार आपटून बाहेर आलो. जिन्यात उभा राहिलो आणि अंगाची लाही लाही झाली. खरं सांग, मेल तुला उघडता येतं का? की माझं मन राखायला नुसता पडदा पुसत बसतेस?

ती मागून जिन्यात आली. म्हणाली, विचारू नकोस, विचारलं की माणसं छानच म्हणतात. तिचा एक नियम आहे. नवख्याला संगणकासमोर बसवायचं, आणि ज्याने डेस्कटॉप बनवला त्याने मागे बसायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हात स्वतःच्या मांडीखाली. मी म्हटलं, मला जमणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच मी सोबत येते.

गुरुवारी दोघं येतो. तिच्यासमोर मला तडतड्या म्हणू नकोस, पाया पडतो.

तुझा,
(नाव मुद्दाम लिहीत नाही)

ता. १ मार्च

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

हे पत्र कागदावर नाही, हे ध्यानात आलं असेलच.

त्या दिवशी माझी फार फजिती झाली रे. तो कोरा पडदा, त्यावर मी उंदीर फिरवतेय, फिरवतेय, आणि मागे तुम्ही दोघं हात दाबून बसलेले. तुझे कान समोरच्या आरशात दिसत होते, लालबुंद. मला वाटलं आता फुटतोस. कळ कुठली ते सांगायला तुझा जीव नुसता तुटत होता. पण तू ब्र काढला नाहीस. शेवटी मीच कंटाळून वही ओढली आणि चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा उठलास. ते पट्टीवालं ध्यान बसवून दिलंस. पाणीही न पिता गेलास.

काल तिचं मेल आलं. मला! लिहिते, की तू स्वतःच्या डेस्कटॉपविरुद्ध हात वर केलास. मग पट्टीच्या रंगावरून संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी भांडलास, आणि उद्याच्या बैठकीलाही भांडायला येणार आहेस. वाचून जिवात जीव आला.

तिचा चष्मा नाकावरून घसरतो, मी पाहिलंय. दांडी आवळून देते म्हणावं. घेऊन ये तिला. आणि वाटेत जे सांगायचं ते सरळ सांग. तिने आपणहून कळ शोधावी म्हणून कोरा पडदा लावून बसू नकोस.

लोभ आहे, तो समोरच ठेवलाय,
मावशी