दहा मिनिटांचा कोड

प्रिय निता,

रविवारी केनवडला बचत गटाच्या बैठकीत तू मला उभं केलंस आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून मला जेवण जात नाही. "खुद्द मैत्रिनीनं मांगला तरी इनं कोड देला नाई, असं सावध राहाव!" असं तू कौतुकानं सांगत होतीस. चंपाबाई, ज्यांचं खातं अशाच एका कोडापायी साफ झालं, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी मान खाली घालून चहा प्यायले. तुला वाटलं, मी लाजले.

गेल्या वर्षी नर्सिंगचा फॉर्म भरताना तुमच्या घरचा एकुलता एक मोबाईल काकांबरोबर शेतात होता, म्हणून तुझ्याही फॉर्मवर माझाच नंबर टाकला. त्यात आपल्याला काहीच वावगं वाटलं नाही. आपली तर टिकल्यांची पाकिटंही सामायिक. पुढे यादीत तुझं नाव आलं. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस होता आणि पाच वाजता साईट बंद होणार होती.

साडेचारला माझ्या मोबाईलवर कोड आला. मी तर काहीच उघडलं नव्हतं. लगेच अनोळखी नंबरावरून फोन, एक बाई घाईघाईनं कोड मागतेय, मागे दुकानाचा गोंगाट, आवाज तुटतोय. मी खरंच घाबरले गं. तूच शिकवलं होतंस, "आपन मांगितला नसन तर तो कोड कोनालेच सांगाचा नाई. मांगनारा लय घाई करत असन तर फोन ठेवाचा अन् आपल्या जवळच्या नंबरावर लावून पाहाचा." मी तसंच केलं. तू तेव्हा नुकताच मोबाईल घेतला होतास, त्याचा नंबर लावला, तर बंद. तो त्याच दुपारी बिघडला होता आणि तू फॉर्म भरायच्या दुकानातून दुसऱ्याच्या फोनवरून बोलत होतीस, हे मला कुठून कळणार? इथवर मी तुझीच शहाणी विद्यार्थिनी होते.

तू सगळ्यांना इथवरच सांगतेस, कारण मी तुला इथवरच सांगितलं. मग तुझी जागा गेली, वेटिंगवर पहिली असलेली मी आत आले, आणि तूच माझी वळकटी खांद्यावर घेऊन एसटीनं मला वाशीमच्या हॉस्टेलवर सोडायला आलीस. दोघींतल्या एकीचं तरी झालं, म्हणालीस. चूक माझीच, फॉर्मवरचा नंबर मीच बदलायला हवा होता, असंही तूच म्हणालीस. मी तुझ्या खांद्यावरची वळकटी घेतली आणि आत गेले.

निता, पावणेपाचला दुसरा कोड आला आणि पुन्हा फोन आला. या वेळी आवाज स्वच्छ होता; तोही तुटत होता, काही ऐकूच आलं नाही, असं मी तुला नंतर सांगितलं ते खोटं होतं. "वैजे, मी होय ना वं! बाजारात भज्याच्या गाडीजवळ चप्पल इसरली होती तू, अन् घरी चोरी गेली म्हनून सांगतलं. आता तरी सांग कोड!" ती चप्पल आपल्या दोघींशिवाय कोणालाच ठाऊक नाही. माझ्या आईलाही नाही. मी तुला ओळखलं. लख्ख ओळखलं. आणि "मी नाई ओळखत तुमाले" म्हणून फोन ठेवला. मग खाटेवर बसून त्या सहा आकड्यांकडे बघत राहिले. दहा मिनिटं चालतो तो कोड. दहाही मिनिटं माझ्या मनात वेटिंगची यादीच होती.

हे फोनवर सांगायला गेले असते तर मी पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून लिहिलं. या वर्षीचे फॉर्म सुटलेत आणि साईटवरच्या तुझ्या जुन्या खात्याचा कोड अजून माझ्याच नंबरावर येतो. मी तो लगेच सांगेन, अशी शपथ घेऊ शकते, पण माझ्या शपथेवर तू का विसंबावंस? बँकेत मी दुसरा नंबर दिला आहे. हे सिम या कागदाला खाली चिकटवलंय. तुझ्या मोबाईलमध्ये घाल, कोड तुझ्याच हातात येईल. आणि पुढच्या बैठकीत बायकांना चपलेचंही सांग. त्यांनी कोणासाठी टाळ्या वाजवल्या, ते त्यांनाही कळू दे.

तू नको म्हणेपर्यंत तुझीच,
वैजयंती