भोंग्याची दोन मिनिटं

१० एप्रिल २०१२, मंगळवार

आज पुन्हा भांडलो! आम्हा ज्यूंच्या सणाचे दिवस, घरात पाव नाही, पोटात नुसत्या बिनखमिराच्या रोट्या, मत्झाचे पुठ्ठे – त्यात नगरपालिकेचे एलकानासाहेब टपकले. पुढच्या गुरुवारी छळछावण्यांत मेलेल्यांचा स्मृतिदिन. गिझेलाबाईंनी मशाल पेटवायची, चार शब्द बोलायचे. छळछावणीतून जिवंत सुटलेली, वर सात पुस्तकांची लेखिका – आमच्या गावात अशी ही एकच उरलीय. फक्त भाषणाचा शेवट तेवढा गाळा, म्हणे.

शेवट माझ्याच हातून टाइप झालाय, पाठ आहे. ‘माझ्या आईकडे कागद नव्हते. सुदानहून आलेल्या या बायकांकडेही नाहीत. त्यांना हाकलू नका.’

“बाई, त्या दिवशी राजकारण नको.”

“सणाच्या पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर इजिप्तमधून पळालेल्या पूर्वजांची गाणी म्हटलीत ना? हे सुदानचे लोकही इजिप्तमधूनच चालत आलेत!” – हा मी. मूठ आपटली. मत्झाचा चुरा साहेबांच्या सदऱ्यावर.

गिझेलाबाई साहेबांना म्हणाल्या, “याचं मनावर घेऊ नका, एलकाना. हा अर्धाच इंजिनियर. उरलेला अर्धा माझ्या नातीच्या नादात गेला.”

तिर्झा स्वयंपाकघरात होती! मरावंसं वाटलं.

११ एप्रिल

आठवं पुस्तक. त्या सांगतात, मी टाइप करतो. त्यांचे हात थरथरतात. सीमेवर शिपायाने आईकडे कागद मागितले, आईने पिशवीतली भाकरी पुढे केली, दोघी मायलेकींना मागे हाकललं – इथवर येतात आणि थांबतात. आजही थांबल्या. मग मला म्हणाल्या, “कॉफी कर. आणि जाळू नकोस.”

जाळली.

१३ एप्रिल, शुक्रवार

सण असला तरी पाट्या घेऊन चौकात. गिझेलाबाई, तिर्झा, मी – दर शुक्रवारी उभे राहतो. पहिल्या शुक्रवारी मी सुदानच्या लोकांसाठी गेलोच नव्हतो – तिर्झासाठी गेलो होतो. हे इथेच लिहितो, आणि कुठे लिहिणार!

एक गाडी थांबली. काच खाली. “आजी, घरी जा! छावणीत राहूनही काही शिकली नाहीस?”

“शिकले ना बाळ. म्हणून तर उभी आहे.”

मी त्याची कॉलर धरायला धावलो. तिर्झाने बाही धरली. माझी! मग थेट माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “तू त्यांच्यासाठी भांडतोस, की मला दाखवायला?” ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते. प्रत्येकाशी असंच तोंडाकडे बघून बोलते. खोटं बोलायची सोयच नाही. मी पाटी सरळ केली.

१५ एप्रिल, रविवार

म्हातारी नमली! फोनवर, माझ्यासमोर – “गाळते, एलकाना. तुम्हाला ऐकू येईल असं ते वाक्य उच्चारणार नाही, शब्द देते. एकच अट. पुढची रांग माझ्या नातीच्या वर्गाला.” पलीकडून साहेब खूश, मला इथपर्यंत ऐकू आले – “बहिरी मुलं? वा! फोटो काय छान येईल!”

मी ओरडलो, “विकल्या गेलात तुम्ही!”

“कुणाला? नाव तरी कळू दे.”

“मी काम सोडतो!”

“सोड. कॉलेज सोडलंस, आता मला सोड. सोडण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही.”

१६ एप्रिल

गेलो नाही. तिर्झा बोलवायला येईल.

१७ एप्रिल

आली नाही. गेलो.

१९ एप्रिल, गुरुवार

चौकात सगळं गाव. मशाल पेटली. बाईंनी गाळलेलं भाषण वाचलं. एलकानासाहेब मान डोलावत होते. माइक त्यांनी लगेच बंद करवला – काय भरवसा!

मग मेलेल्यांसाठी दोन मिनिटांचा भोंगा. रस्त्यातल्या गाड्या जागच्या जागी, माणसं उतरून ताठ उभी. या दोन मिनिटांत नाकावर माशी बसली तरी कुणी हात हलवत नाही.

आणि म्हातारी बोलायला लागली! ही भाषा त्यांनी पंधराव्या वर्षी शिकलेली, त्यामुळे एकेक शब्द चावून, तोंड उघडून बोलतात. तोच शेवट! पाठ होता, ओठ बघूनच मी ओळखला. एलकानासाहेब टोमॅटोसारखे लाल – पण करतात काय? भोंगा चालू असताना जो हलला त्याने गावात तोंड दाखवायला नको.

पण उपयोग काय? शेजारी उभा असून मला शब्द ऐकू आला नाही. सगळा भोंग्याने गिळला. माझं डोकंच फिरलं. समोर, मुलांच्या शेजारी, तिर्झा. नाहीतरी कुणाला ऐकू जातंय! मीही बोललो. तिच्याकडे बघून, नरडं फाटेस्तोवर – “तिर्झा, माझ्याशी लग्न कर!”

भोंगा थांबला. मी तोंड मिटलं. ती आजीकडे बघत होती.

२० एप्रिल, शुक्रवार, सकाळ

वर्तमानपत्रात मोठा फोटो. खाली – ‘भोंगा वाजत असताना वृद्ध लेखिकेचे ओठ प्रार्थनेत हलत होते.’ प्रार्थनेत! जी बाई आमच्या प्रार्थनाघरापुढून, सिनेगॉगपुढून जाताना रस्ता ओलांडते!

मी कागद चुरगाळला. बाईंनी काढून घेतला, सरळ केला. “राहू दे. माझी पहिलीच प्रार्थना.”

“बाई, कुणालाही ऐकू गेलं नाही!”

“ऐकू नाही गेलं. खरं आहे.” आणि कॉफी मागितली.

२० एप्रिल, दुपार

चौकात तिर्झाचा अख्खा वर्ग! आईबापांसकट. हातात पाट्या, मुलांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरांत – ‘गिझेला आजीच्या आईकडे कागद नव्हते.’ शब्द न् शब्द. त्यांच्यासाठी भोंगा वाजलाच नव्हता.

एक चिमुरडी माझ्याकडे बोट करून हातांनी भराभर काहीतरी सांगत होती. सगळी हसत होती. तिर्झा समोर आली, थेट तोंडाकडे बघत म्हणाली, “तू काल काय बोललास ते वर्गाने मला सांगितलंय. आता भोंगा नसताना बोल.”